‘माग बंद!’ : पोरांना भांडण मिटवायला शिकवायला जाताय?

इचलकरंजीतली पोरं मोठ्यानं बोलतात. भिंतीपलीकडं यंत्रमाग चालू असतात, काहींच्या तर घरातच चार माग असतात. त्या खडखडाटात आईला ‘भूक लागली’ एवढं सांगायचं तरी ओरडावं लागतं. मी याच गावची, त्यामुळं हे मला कुणी सांगायची गरज नव्हती. तरी पहिल्या शनिवारी सहावीच्या वर्गात उभी राहून मी अर्धा तास ‘हळू बोललं की भांडण होत नाही’ हेच सांगत होते. शेवटी मागच्या बाकावरची एक मुलगी म्हणाली, ‘‘ताई, आम्ही भांडत नाय. बोलतोय.’’

त्याला आता सहा वर्षं झाली. पहिली दोन वर्षं कॉलेजच्या राष्ट्रीय सेवा योजनेतून गेले, पुढची चार स्वतःहून. आता एका सायझिंगच्या, म्हणजे सुताला खळ लावायच्या कारखान्याच्या, ऑफिसात हिशेब लिहिते. शनिवारी अकराला कामावर येईन असं मालकांशी बोलून घेतलंय, कारण शनिवारी शाळा सकाळची असते. आम्ही सहा-सात जण आहोत. कुणी नर्सिंगला आहे, कुणी स्पर्धा परीक्षेचा अभ्यास करतंय, एकाचं मोबाइल दुरुस्तीचं दुकान आहे. शाळांमध्ये जातो आणि पोरांना भांडण मिटवायला शिकवतो. तुम्ही विशीत-पंचविशीत असाल आणि तुमच्या गावात असं काही करायचं मनात असेल, तर आमच्या हातून काय चुकलं आणि काय जमलं ते इथं लिहिते.

‘शांतता’ हा शब्द घरी ठेवून जा

आमच्या पहिल्या अर्जात ‘शांतता शिक्षण उपक्रम’ असं लिहिलं होतं. मुख्याध्यापक वाचून खूश झाले. ‘‘बरं झालं, सहावीचा वर्ग फार गोंगाट करतो,’’ म्हणाले. त्यांची काही चूक नव्हती. आपल्याकडं शाळेतली शांतता म्हणजे हाताची घडी, तोंडावर बोट. दवाखान्यात आणि वाचनालयात पाटी असते ती शांतता. पोरांनाही शब्दाचा तेवढाच अर्थ ठाऊक. आपल्याला तर नेमकं उलटं करायचंय, तोंडावरचं बोट काढायचंय. म्हणून आता अर्जात सरळ लिहितो : ‘मुलांना आपसातली भांडणं बोलून मिटवता यावीत यासाठी दहा तास.’ हे वाचल्यावर ‘म्हणजे नेमकं काय?’ असं कुणी विचारत नाही.

दुसऱ्या एका शाळेत निवृत्तीला आलेले मुख्याध्यापक होते. त्यांनी चष्मा वर करून विचारलं, ‘‘म्हणजे तुम्ही शांतिसेनावाले का?’’ विनोबांनी १९५७ मध्ये दंगे-भांडणं शमवायला शांतिसेना उभी केली होती, पुढं तरुण शांतिसेनाही निघाली, हे मला त्या दिवशी त्यांच्याकडून कळलं. चहाही मिळाला. जुन्या माणसांशी बोलताना हा धागा उपयोगी पडतो. तरुण शिक्षकांशी बोलताना मूल्यवर्धनाचा उल्लेख करा. २००९ मध्ये बीड जिल्ह्यात सुरू झालेला मूल्यशिक्षणाचा तो कार्यक्रम पुढं जिल्हा परिषदेच्या बऱ्याच शाळांत पोचला, त्यामुळं गोल बसणं, जोडीनं बोलणं असले प्रकार अनेकांना माहीत असतात.

परवानगीचं थोडक्यात सांगते. शाळा महापालिकेची असेल तर शिक्षण विभागाकडं अर्ज, जिल्हा परिषदेची असेल तर केंद्रप्रमुखांना भेटून पुढं गटशिक्षणाधिकाऱ्यांकडं. कॉलेजात असाल तर राष्ट्रीय सेवा योजनेच्या कार्यक्रम अधिकाऱ्यांचं पत्र जोडा, त्यानं अर्धं काम होतं. शाळा व्यवस्थापन समितीत पालक असतात. त्यांच्या बैठकीत पाच मिनिटं मागा आणि काय करणार आहात ते पालकांना तोंडानं सांगा. पोलिसांचा चारित्र्य दाखला कुणी मागत नसलं तरी काढून ठेवा. वर्गात कायम दोघांनी जायचं आणि वर्गशिक्षक खोलीत असल्याशिवाय तास घ्यायचा नाही. कुठल्याही मुलाशी किंवा मुलीशी दार लावून एकट्यानं बोलायचं नाही. कितीही रडत असलं तरी व्हरांड्यात, सगळ्यांना दिसेल असं बसायचं.

वेळ जुलै ते दिवाळी ही बरी. जूनमध्ये शिक्षक पटनोंदणी आणि पाठ्यपुस्तकांत बुडालेले असतात, दिवाळीनंतर स्नेहसंमेलनं सुरू होतात. दहा शनिवार धरायचे असतील तर चौदा मोजा. गणपती मध्ये येतात, सहामाही परीक्षा येते, आणि आमच्याकडं पंचगंगा येते. २०१९ किंवा २०२१ सारखा पूर आला तर शाळेचीच छावणी होते आणि तुमचं काम खिचडी वाढायचं असतं. तेही करा, वर्गात दहा तासांत होत नाही एवढी ओळख तिथं एका दिवसात होते.

तासांसाठी येणाऱ्यांबद्दल एक सांगते. राष्ट्रीय सेवा योजनेत वर्षाला १२० तास भरायचे असतात. काही जण तास भरले की गायब होतात. पोरं मात्र पुढच्या शनिवारी विचारतात, ‘‘दादा का आले नाहीत?’’ आधीच कितीतरी माणसं त्यांच्या आयुष्यात अशी मध्येच उठून जातात. ज्याला दहा शनिवार जमणार नाहीत त्यानं वर्गात लागणारे शब्दांचे पत्ते कापून द्यावेत, पत्रकं छापून आणावीत. ते कामही लागतंच.

आधी आपल्यावर करून बघा

पहिल्या तासाआधी आम्ही दोन रविवार एकमेकांवर सराव करतो. खोटी भांडणं घेत नाही, खरीच घेतो. गेल्या वर्षी आमच्यातल्या दोघींचं हॉस्टेलच्या पंख्यावरून तीन आठवडे बोलणं बंद होतं. एकीला पंखा पाचवर लागतो, दुसरीला सर्दी होते. तेच भांडण मध्ये ठेवलं. दीड तास लागला. पंखा राहिला बाजूला, खरं दुखणं निघालं की एकीनं दुसरीच्या आईसमोर तिच्या झोपण्यावरून विनोद केला होता. ‘भांडण जिथं दिसतं तिथं नसतं’ हे वाक्य वाचून कुणालाच काही होत नाही, त्या दीड तासानंतर मात्र आम्हा सगळ्यांचे चेहरे बघण्यासारखे होते.

या बाबतीत माझे खरे गुरू माझे आजोबा. १५ ऑगस्ट २००७ ला राज्यात महात्मा गांधी तंटामुक्त गाव मोहीम सुरू झाली. आर. आर. पाटील तेव्हा गृहमंत्री होते. गावोगाव समित्या झाल्या. हातकणंगले तालुक्यातल्या आमच्या गावच्या समितीत आजोबा होते. बांध, पाणी, भाऊबंदकी, असली भांडणं त्यांच्यापुढं यायची. त्यांची एक पद्धत मी आजही वापरते. दोन्ही पार्ट्यांना ते समोरासमोर बसवायचे नाहीत. एका बाकड्यावर शेजारी-शेजारी बसवायचे, तोंडं रस्त्याकडं. ‘‘समोर बसवलं की डोळ्याला डोळा लागतो, मग माणूस जिंकायला बघतो,’’ म्हणायचे. आधी चहा, मग विषय. आणि निवाडा करायचा नाही. ‘‘निवाडा केला की एक हरतो. हरलेला विसरत नाही.’’

पहिले दोन शनिवार

बाक सरकवायच्या भानगडीत पडू नका, अर्धा तास तिथंच जातो. परिपाठ झाला की मुलांना व्हरांड्यात सतरंजीवर गोल बसवा. चाळीस मुलांचा एकच गोल होत नाही. दोघे जण असाल तर दोन गोल करा.

नियम मुलांनाच करू द्या, असं सगळे सांगतात. जरूर द्या, पण काय होतं ते ऐकून ठेवा. आमच्या पहिल्या वर्गानं तेवीस नियम केले आणि त्यातल्या एकोणीस नियमांत शिक्षा होती. मध्ये बोललं तर पाच रुपये, हसलं तर उठाबशा, खोडी काढली तर दाराबाहेर. नियम म्हणजे शिक्षा हेच त्यांनी पाहिलंय. रागावू नका. फळ्यावर सगळे लिहा आणि विचारा, यातले शिक्षेशिवाय चालतील असे कुठले? आमच्याकडं तीन उरले : एक बोलताना बाकीच्यांनी ऐकायचं, इथलं इथंच ठेवायचं, बोलायचं नसेल तर ‘पुढं’ म्हणायचं. दुसऱ्या नियमाला एक अपवाद मी पहिल्याच दिवशी सांगून टाकते : कुणी कुणाला इजा करत असेल तर ते मी इथंच ठेवणार नाही, मोठ्यांना सांगणार. तो का, ते पुढं येईल. तिसरा नियम फार कामाचा. लाजरी पोरं पाच शनिवार ‘पुढं’ म्हणतात आणि सहाव्याला अशी बोलतात की थांबत नाहीत.

आणखी एक. मुलांकडं भांडण मिटवायची स्वतःची रीत आधीपासून असते. कट्टी आणि गट्टी. कुणी करंगळी दाखवून कट्टी घेतं, कुणी अंगठा दाखवून, गट्टीची बोटं तर प्रत्येक गल्लीत वेगळी. दुसऱ्या शनिवारी मी फक्त एवढंच विचारते की तुमच्याकडं कट्टी कशी घेतात, किती दिवस चालते, गट्टी आधी कोण करतं, मधला निरोप्या कोण असतो. तास कधी संपतो कळत नाही. कारण निरोप्या असतोच! ‘ती म्हणते तू आधी बोल’ असं इकडून तिकडं पळणारं एक पोर प्रत्येक वर्गात असतं. तिसरा माणूस लागतो हे त्यांना ठाऊक आहे. आपण नवीन काही आणत नाही, त्या निरोप्याला थोडी शिस्त लावतो इतकंच.

राग सोडून दुसरे शब्द

‘कसं वाटलं?’ विचारलं की दोन उत्तरं येतात. राग आला, नाहीतर वाईट वाटलं. मुलगे तर फक्त राग. आता ज्याच्याकडं एकच शब्द आहे त्याच्याकडं एकच उपाय असणार, गुद्दा.

म्हणून पत्ते. जुन्या लग्नपत्रिकांच्या कोऱ्या बाजूवर मार्करनं शब्द लिहायचे : रुसले, खट्टू झालो, हिरमुसलो, चिडचिड झाली, ओशाळले, हेवा वाटला, धास्ती वाटली, एकटं पडलो, लाज वाटली, जळफळाट, जिवाला लागलं, कंटाळा, संताप, हायसं वाटलं. पन्नासेक करा. मराठीला या बाबतीत काही कमी नाही. रुसणं आणि रागावणं यातला फरक तर पाचवीतलं पोरही सांगतं : ‘‘रुसलं की कुणीतरी मनवायला यावं वाटतं. राग आला की कुणी येऊ नये वाटतं.’’ हे वाक्य एका मुलाचं आहे. मी तसंच वहीत लिहून ठेवलंय.

पत्ते मध्ये पसरायचे आणि गेल्या आठवड्यातला एखादा प्रसंग आठवून एक उचलायचा. कारण सांगायची सक्ती नाही. एकदा एका दांडगट मुलानं ‘ओशाळलो’ उचलला आणि अर्थ विचारला. सांगितल्यावर म्हणाला, ‘‘हेच झालं होतं. मला वाटलं राग आलाय.’’

आमच्या वर्गात कन्नड बोलणारी मुलं असतात, बिहार-उत्तर प्रदेशातून मागावर आलेल्यांची मुलं असतात. त्यांना कोरा पत्ता द्या, घरच्या भाषेतला शब्द लिहू द्या. एका मुलीनं ‘सिट्टु’ लिहिलं, म्हणजे कन्नडमध्ये राग. आठवडाभर सगळा वर्ग ‘मला सिट्टु आलाय’ म्हणत हिंडत होता. त्या मुलीला त्याआधी कुणी खेळायला घेत नव्हतं.

बोलायचं कसं, ऐकायचं कसं

मार्शल रोझेनबर्ग या अमेरिकी मानसशास्त्रज्ञानं अहिंसक संवादाची जी रीत मांडली ती बहुतेक प्रशिक्षणांत शिकवतात : काय घडलं ते सांगा, काय वाटलं ते सांगा, कशाची गरज आहे ते सांगा, मग मागणी करा. रीत चांगली आहे, भाषांतर वाईट असतं. आमच्या पहिल्या वर्षीच्या पत्रकात ‘जेव्हा तू माझी वस्तू घेतोस तेव्हा मला असे वाटते की’ असं होतं. पोरं ते सरकारी परिपत्रकासारखं वाचून दाखवायची आणि हसून लोळायची. रोझेनबर्ग मऊ बोलण्यासाठी जिराफाची आणि बोचऱ्या बोलण्यासाठी कोल्ह्याची बाहुली वापरत. तेही आम्ही केलं. परिणाम एवढाच झाला की वर्गातल्या उंच मुलाचं नाव जिराफ पडलं. ते अजून सुटलेलं नाही. त्याची मी दोनदा माफी मागितली आहे.

आता आम्ही तीन तुकडे शिकवतो : ‘तू हे केलंस. मला हे झालं. मला हे पाहिजे.’ ‘तू माझी कंपासपेटी न विचारता घेतलीस. माझी धास्तीनं पाचावर धारण बसली, कारण बाबा मारतात. पुढच्या वेळी मागून घे.’ संपलं. पहिल्या तुकड्यात एकच पथ्य, ‘नेहमी’ आणि ‘कधीच’ हे शब्द येऊ द्यायचे नाहीत. ‘तू नेहमी घेतोस’ म्हटलं की समोरचा, न घेतलेले दिवस मोजायला लागतो.

ऐकण्यासाठी पोपटाचा खेळ. समोरचा जे बोलला ते आधी पोपटासारखं म्हणून दाखवायचं, त्यानं ‘बरोबर’ म्हटलं की मगच आपलं बोलायचं. हे फार अवघड आहे. मोठ्यांवर करून बघा. आमच्या ऑफिसात दिवाणजींवर करून बघितलं, तिसऱ्या वाक्याला त्यांनी मला कामाला लावलं.

रागासाठी ‘एक ते दहा आकडे मोजा’ असं मी सांगत असे. एका मुलानं इमानदारीत मोजले. मोठ्यानं, एक ते दहा. आणि ‘दहा!’ म्हणून ठोसा मारला. तेव्हा खिडकीशी बसलेला एक पोरगा म्हणाला, ‘‘ताई, तार तुटली की माझे वडील आधी माग बंद करतात. चालू मागावर गाठ मारता येत न्हाई. तसाच चालू ठेवला तर पुढं सगळ्या कापडाला फॉल्ट.’’

(तार म्हणजे मागावरचा धागा.) मी खडूच खाली ठेवला. त्या दिवसापासून आमच्याकडं चारच पायऱ्या आहेत : माग बंद, तार शोध, गाठ मार, चालू. मैदानात कुणी तापलं की बाजूचं पोर ओरडतं, ‘‘माग बंद!’’ दोघंही एक पाऊल मागं सरतात. ‘तार शोध’ म्हणजे भांडण कुठं तुटलं ते बघ, जिथं आवाज झाला तिथं नको. हे सगळ्यांना न सांगता कळतं, कारण घरी रोज बघतात. तुम्ही मात्र ‘माग बंद’ उचलून कोकणात नेऊ नका. तिथं जाळं फाटतं, ते विणायचं असतं. उसाच्या गावात पाट फुटतो. पोरांच्या घरी काय मोडतं आणि घरचे ते कसं दुरुस्त करतात एवढं विचारा, शब्द तीच देतील.

मधले

सातव्या शनिवारपासून मध्यस्थी. आम्ही त्यांना ‘मधले’ म्हणतो. दर आठवड्याला दोघं, पाळीपाळीनं. हुशार मुलांचीच निवड करू नका. जो सगळ्यात जास्त भांडतो तो मधला म्हणून कित्येकदा फार चांगला निघतो, त्याला सगळे डाव माहीत असतात.

मधल्यांनी तीनच प्रश्न विचारायचे, दोघांना सारखेच : काय झालं? तुला काय झालं? आता काय पाहिजे? कोण बरोबर ते सांगायचं नाही. भांडणाऱ्यांना पायरीवर शेजारी-शेजारी बसवायचं, तोंडं मैदानाकडं. (आजोबा.)

एक प्रसंग सांगते. मुलांची नावं बदललीत. खिचडीच्या रांगेत समीर पुढं घुसला म्हणून बाळूनं त्याला ढकललं, ताटली पडली. मधल्या दोन मुली होत्या.

‘‘काय झालं?’’

‘‘हा घुसला.’’

‘‘समीर, तुला काय झालं?’’

‘‘माझी बहीण तिसरीत हाय. तिला गर्दीत ताटली धरता येत न्हाई. मागल्या वेळी हातावर सांडलं तिच्या. मी तिच्यासाठी घेत होतो.’’

मुलींनी बाळूकडं बघितलं. त्यानं पोपटाचा खेळ न सांगता केला : ‘‘म्हणजे तू तिच्यासाठी घेत होतास.’’ मग थोडा वेळ कुणीच बोललं नाही. माझ्या जिभेवर वाक्य तयार होतं, ‘चला, दोघांनी सॉरी म्हणा.’ मी तोंडात रुमाल धरून बसले, खरंच. बाळू म्हणाला, ‘‘मग तिला माझ्या पुढं उभी कर. तू माझ्या मागं राहा. मी धरतो ताटली.’’

हे मला सुचलं नसतं. मी फार तर सॉरीपर्यंत पोचले असते, आणि दुसऱ्या दिवशी बहिणीच्या हातावर पुन्हा सांडलं असतं. सॉरी म्हणायला लावू नका. आपल्या पोरांना सॉरी म्हणजे सुटका हे बालवाडीपासून ठाऊक आहे. ती ‘सॉरी-सॉरी-सॉरी’ म्हणत पळतात आणि जाता जाता चिमटा काढतात.

जिथं मधले बसवायचे नाहीत

हा भाग दोनदा वाचा. माझी सगळ्यात मोठी चूक इथं झाली.

एका शाळेत तीन मुलं एका मुलाला त्याच्या वडिलांच्या कामावरून चिडवत होती. कित्येक महिने. मी ते भांडण समजून चौघांना पायरीवर बसवलं, तीन प्रश्न विचारले, हस्तांदोलन झालं. मला फार बरं वाटलं. पुढच्या शनिवारी कळलं की त्या तिघांनी त्याला ‘ताईला सांगतोस काय’ म्हणून मुतारीमागं मारलं.

भांडण वेगळं आणि छळ वेगळा. भांडणात दोघांची ताकद साधारण सारखी असते, आज हा चढतो उद्या तो. छळात खाली असणारा रोज तोच असतो. तिथं ‘दोघांचंही ऐकून घेऊ’ म्हणणं म्हणजे मारणाऱ्याच्या बाजूनं उभं राहणं. जातीवरून, धर्मावरून, भाषेवरून, वडिलांच्या धंद्यावरून, अंगातल्या व्यंगावरून काढलेला शब्द हा मध्यस्थीचा विषय नाही. तो मोठ्यांनी थांबवायचा. वर्गशिक्षकांना त्याच दिवशी सांगा, मुख्याध्यापकांना सांगा, आणि ज्याला त्रास होतोय त्याच्याशी आधी बोला, तिघांशी नंतर. त्याच्याशेजारी खेळाच्या तासाला कोण उभं राहील ते ठरवा. एक मित्र पुरतो.

त्याहून गंभीर गोष्टीही येतात. पत्ते पसरले की कधी एखादं पोर घरचं सांगतं, कधी त्याहून नको ते. ‘कुणाला सांगणार नाही’ असं वचन कधीही देऊ नका. ‘तू सांगितलंस हे बरं केलंस, आता मदत करणाऱ्या माणसाला मला सांगावं लागेल,’ एवढंच म्हणा. खोदून प्रश्न विचारू नका. लैंगिक अत्याचाराची गोष्ट असेल तर २०१२ च्या पॉक्सो कायद्यानं ती पोलिसांना कळवणं तुमच्यावर बंधनकारक आहे. ‘शाळेचं नाव खराब होईल’ हे कारण चालत नाही. १०९८ हा बालकांसाठीचा मदत क्रमांक पहिल्या तासालाच फळ्यावर लिहा आणि तुमच्या मोबाइलमध्येही ठेवा.

शिक्षक आणि छडी

एकदा आमचा तास संपला. ‘माग बंद’ म्हणत पोरं वर्गात गेली आणि पाच मिनिटांत आतून छडीचा आवाज आला. शिक्षण हक्क कायद्याच्या कलम १७ नं शारीरिक शिक्षा आणि मानसिक छळ दोन्हीला बंदी आहे. आमच्यातला एक जण ते कलम घेऊन सरळ वर्गात शिरला. त्या शाळेत आम्हाला पुन्हा बोलावलं नाही, आणि छडी काही थांबली नसणार.

आता काय करतो? मुख्याध्यापकांना एकट्यात, दोघं जाऊन, काय पाहिलं ते तारखेनिशी सांगतो. थांबलं नाही तर लेखी. पण त्याआधीपासून शिक्षकांना गोलात बसवतो. पाहुणे म्हणून नाही, पत्ता उचलायला. एका बाईंनी ‘एकटं पडले’ उचलला होता. साठ मुलं, दोन वर्ग जोडलेले, वर निवडणुकीची कामं. पोरं डोळे मोठे करून बघत होती. त्यांना वाटलं होतं बाईंना फक्त रागच येतो.

बारीकसारीक

बक्षिसं, चॉकलेटं नेऊ नका. चौथ्या शनिवारपासून पोरं चॉकलेटासाठी मिटवायला लागतात, आणि मिटवायला मिळावं म्हणून भांडायला. फोटो काढू नका, रडणाऱ्या मुलाचा तर नाहीच. सुरुवातीला आणि शेवटी प्रश्नावली भरून घेण्यातही अर्थ नाही. आम्ही घेतली होती, दोन्ही वेळेला सगळ्यांनी ‘मी भांडत नाही’ असं सुवाच्य अक्षरात लिहिलं. त्यापेक्षा एक वही ठेवा आणि दर शनिवारी घरी जाऊन दहा ओळी लिहा. काय मोडलं, कुणी जोडलं. सोबत पत्ते, खडू, पाण्याची बाटली, एक शिट्टी (वाजवायची नाही, हातात असली की धीर येतो) आणि घशासाठी खडीसाखर.

दहाव्या शनिवारी निरोपाचं भाषण करू नका. पत्त्यांचा गठ्ठा, मधल्यांचं पाळीपत्रक आणि वहीची झेरॉक्स, पोरांची घरची बोलणी झाकून, वर्गशिक्षकांकडं द्या. जूनमध्ये फोन करा, जुलैत अर्ज द्या. गेल्या जुलैत मी गेले तर पत्ते तेलकट होऊन अर्धे फाटले होते. पोरं सातवीत गेली होती आणि त्यांनीच नव्या सहावीला व्हरांड्यात बसवलं होतं, माझ्या आधी. मी मागं बसून फाटलेले शब्द नव्या पत्रिकांवर उतरवत होते. ‘हिरमुसलो’चा पत्ता सापडेना. विचारलं तर जिराफ म्हणाला, ‘‘तो माझ्याकडं हाय ताई, दप्तरात. लागतो मला.’’